चौथ्या वर्षी सगळं सुटतं म्हणे!

रामबागकर: काल इथे, आपल्या इंदूरकरांच्या गप्पांत, एका काकांनी लिहिलं, 'कॉलेजची पोरं पहिल्या वर्षी सिगरेट-दारू चाखतात, चौथ्या वर्षी आपोआप सुधारतात. आईबापांनी निर्धास्त राहावं.' काका, सुटत काही नाही, रूप बदलतं. माझ्या पुतण्यानं दुसऱ्या वर्षी सिगरेट सोडली, घरात पेढे वाटायचेच बाकी होते. तिसऱ्या वर्षी गादीखाली पुड्या निघाल्या. एक पानमसाल्याची, एक तंबाखूची. तळहातावर मिसळल्या की झाला गुटखा. आपल्या मध्य प्रदेशात 2012 पासून गुटखाबंदी आहे, ती ही अशी.

लोकमान्यनगरवाले काका: ते काका मीच. एका पुतण्यापायी अख्खी पिढी फासावर? होळकर कॉलेजात असताना आम्हीही बिड्या ओढल्या. नोकरी लागली, लग्न झालं, सुटल्या.

सायली: तुमच्या सुटल्या, काका. ज्यांच्या नाही सुटल्या, ते इथे लिहायला उरले नाहीत. आणि नुसती व्यसनंच का? पहिल्या वर्षी मी रोज पहाटे नेहरू स्टेडियमला पळायचे. शेवटच्या वर्षी रात्री 1 वाजता सराफ्याच्या रात्रीच्या खाऊबाजारात जेवण आणि सकाळी 10 ला डोळे उघडणं.

गराडूप्रेमी: सराफ्याला मध्ये ओढू नका! तिथे लोक लेकराबाळांना घेऊन येतात.

सायली: लेकरंबाळं 11 ला घरी जातात, दादा. नंतर कोण उरतं ते बघा कधी.

गराडूप्रेमी: म्हणजे भुट्ट्याच्या किसानं पोरं बिघडली? बीआरटीएसवरची, म्हणजे बसच्या खास मार्गाच्या रस्त्यावरची, रात्रभर चालणारी दुकानं 2024 मध्ये बंद केली. झोपली का पोरं?

रामबागकर: नाही. आता ऑर्डर खोलीवर येते. मी तेच म्हणतोय, रूप बदलतं!

भंवरकुआ_खोली_क्र_9: ज्यांच्यावर एवढं चाललंय, त्यांच्यातलाच मी. तिसरं वर्ष. पहिल्या वर्षी सीनियरच्या धाकानं ग्लास धरला, आता कुणी धरायला लावत नाही, मीही धरत नाही. पण सबमिशनच्या आठवड्यात चार तास झोप आणि दिवसाला सात कट चहा. त्याबद्दल घरून शाबासकी मिळते.

लोकमान्यनगरवाले काका: घ्या, मिळाला ना एक सुधारलेला!

सायली: चार तास झोपणारा सुधारलेला? धन्य.

लोकमान्यनगरवाले काका: बरं बाई. बायको मागे उभी राहून वाचतेय, म्हणते, सुपारीचं लिहा. बिडी सुटली तेव्हा सुपारी लागली, 31 वर्षं चघळतोय. दिवाळीनंतर दाताच्या डॉक्टरनं तीन बोटं उभी धरून तोंडात घालायला सांगितली. दोनच गेली, तोंड पूर्ण उघडतच नाही. झालं समाधान? पण सराफ्याच्या बाबतीत मी गराडूवाल्यांच्याच बाजूनं.