पत्राला नाव नोंदवून घेताना जाहिरातीचं आधीच सांगावं का?

प्रश्न (औसा, जि. लातूर)
मी लातूरच्या बाजारातल्या सोयाबीन-तुरीच्या भावाचं पत्र दर शनिवारी ईमेलनं पाठवायलोय. सौद्यात काय निघालं, आवक कशी, ओलावा किती धरला, एवढंच असतं. नोंदणीच्या फॉर्मवर 'शेतीची माहिती मोफत मिळवा' अशी ओळ आहे, खाली ईमेल आणि मोबाईल नंबराचा रकाना. आता एक कृषी सेवा केंद्रवाले पेरणीच्या आधी बियाण्याची जाहिरात देतो म्हणतात, पैसे देऊन. हे फॉर्मवर लिहू का? मित्र म्हणतो, एवढं लांबण लावलं तर कोण नाव देणार?

उत्तर (परभणी)
लिहाच. 'शेतीची माहिती' यात फवारणीपासून पीकविम्यापर्यंत काहीही बसतं. भावासाठी नाव देणारा माणूस तुमच्या आकड्यावर माल घालायचा की थांबायचं ते ठरवतो. त्याच पत्रात बियाण्याची शिफारस दिसली तर तीही तो तितक्याच भरवशानं वाचणार. आपल्याकडं सोयाबीनचं घरचं बियाणं पुष्कळ जण ठेवतात. गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून भिजवायचे. सत्तर उगवले की पेरायला चालतं. असा माणूस तुमच्या शब्दावर बॅग विकत आणणार असेल, तर त्या शब्दामागं पैसे आहेत हे त्याला ठाऊक पाहिजे. ओळ मोठी लागत नाही:

'दर शनिवारी लातूरचा सोयाबीन-तूर भाव. पेरणीच्या आधी बियाण्याची जाहिरात येईल. तिचे आम्ही पैसे घेतो आणि तिथं "जाहिरात" असं लिहितो. तुमचा पत्ता कुणालाही देत नाही.'

एवढं वाचून जो नाव देणार नाही, तो पहिली जाहिरात बघून तसाही गेला असता.

उत्तर (जालना)
वरच्यांशी सहमत. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, 2023 मध्येही हेच आहे: माहिती कशासाठी घेताय ते स्पष्ट सांगायचं, आणि संमती देणं जितकं सोपं तितकंच ती मागं घेणंही. जीमेलनं 2024 पासून रोज पाच हजारांवर मेल पाठवणाऱ्यांना एका क्लिकमध्ये पत्र बंद करायची सोय सक्तीची केलीय. तुमचा आकडा लहान असेल, तरी ती ठेवा. आणि पत्र ईमेलनं जातं, तर फॉर्मवर मोबाईल नंबर कशाला मागताय?

उत्तर (उमरगा)
नंबराचं बरोबर बोललात. आमच्या वडिलांनी तुरीच्या भावासाठी एका ठिकाणी नंबर दिला, तर ट्रॅक्टरच्या कर्जाचे फोन सुरू झाले. ऐन रास चालू असताना फोन! दादा, जुन्या वाचकांनाही विचारा. जाहिरात सुरू व्हायच्या आधी एक वेगळं पत्र धाडा, नको असेल त्याला तिथूनच निघता आलं पाहिजे.

प्रश्नकर्ता
नंबराचा रकाना काढला. जुन्यांना या शनिवारी भावाच्या आधी हेच पत्र जाईल. केंद्रवाल्यांना सांगितलं की वाचकांची यादी मिळणार नाही. ते म्हणाले, मग पैसे कमी देऊ. म्हटलं, चालेल.