जुन्या गाडीची अर्थिंग वाढवून घेणे खरोखर उपयोगाचे आहे का?

किनारपट्टीकर (मालवण)

नमस्कार मंडळी. माझ्याकडे २००९ सालची पेट्रोल हॅचबॅक आहे आणि ती पहिल्यापासून समुद्राच्या जवळ, उघड्यावरच उभी असते. गेल्या पावसाळ्यापासून सकाळी सेल्फ मारला की इंजिन रडतखडत फिरते, हेडलाइटचा उजेड पिवळट पडला आहे, आणि वायपर व पंखा एकदम लावले की तो आणखी मंदावतो. बॅटरी आठ महिन्यांपूर्वीच नवी घातली असून दुकानदाराने ती तपासून उत्तम असल्याचे सांगितले आहे. आमच्या गॅरेजवाल्या दादांचे म्हणणे असे, की पाच जाड केबलींचा अर्थिंगचा (करंट बॅटरीकडे परत नेणाऱ्या जोडणीचा) संच बसवावा, म्हणजे सेल्फ झटक्यात लागेल, उजेड वाढेल आणि लिटरमागे दीड-दोन किलोमीटर अ‍ॅव्हरेजही मिळेल. खर्च साडेतीन हजार रुपये आहे. हा खर्च करावा का?

गाडीवायरमन (चिंचवड)

आपण सांगितलेली लक्षणे अर्थिंगचीच वाटतात, पण म्हणून संच विकत घ्यावा असे मी म्हणणार नाही. बॅटरीकडून दिव्याकडे वायर जाते, मात्र परतीची वाट बहुतेक ठिकाणी गाडीचा पत्राच असतो. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले असल्यामुळे ते पत्र्यापासून विजेच्या दृष्टीने तुटलेले असते, आणि त्यांना जोडणारी एक विणलेली तांब्याची पट्टी किंवा काळी केबल कंपनीने दिलेली असते. किनाऱ्यावरच्या गाड्यांत नेमकी हीच पट्टी खारट दमट हवेने आतून खाल्ली जाते. वरून ती धड दिसते, पण वाकवून पाहिली की हिरवी पूड गळते आणि तारा काडीसारख्या तुटतात. ही वाट बंद झाली की करंट मिळेल त्या मार्गाने परततो. क्लचच्या किंवा अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलीतून गेल्यामुळे तिचे आतले प्लास्टिक वितळून केबल जाम झालेल्या गाड्या मी स्वतः दुरुस्त केल्या आहेत.

म्हणून आधी मोजून पाहा. साधा मल्टिमीटर डीसी व्होल्टवर लावावा, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर टेकवावे (क्लॅम्पवर नव्हे, शिशाच्या खांबावरच, नाहीतर तेथील गंज मापात येत नाही) आणि दुसरे इंजिनच्या उघड्या धातूवर धरावे. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, वायरी पट्ट्यापासून दूर, अशा स्थितीत दुसऱ्या कोणाला दोन-तीन सेकंद सेल्फ मारायला सांगावे. आकडा ०.२ व्होल्टच्या आत राहिला तर त्या बाजूला काही करण्याची गरज नाही. तो अर्धा व्होल्ट किंवा अधिक निघाला तर दोष सापडला असे समजावे, कारण लहान गाडीचा सेल्फ शंभर-दीडशे अँपिअर ओढतो आणि तेवढ्या करंटला चार-पाच मिलीओहमचा अडथळासुद्धा भारी पडतो.

आता जाड केबलीचा हिशोब करू. १६ चौरस मिलिमीटरची ३० सेंटिमीटर तांब्याची केबल १२० अँपिअरवर सुमारे ०.०४ व्होल्ट खाते, तर २५ चौरस मिलिमीटरची साधारण ०.०२६ व्होल्ट खाते. एवढ्या फरकाने सेल्फला काही कळत नाही. नुकसान केबलीच्या जाडीत नसते, ते गंजलेल्या सांध्यात असते, आणि रंगावर किंवा गंजावर बोल्टने आवळलेली महागडी केबल जुन्या पट्टीइतकीच निरुपयोगी ठरते. पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत घासावा, दातेरी वायसर घालावा, बोल्ट नीट आवळावा आणि वरून पेट्रोलियम जेलीचा थर द्यावा. किनाऱ्यावर हा शेवटचा थर सर्वांत महत्त्वाचा आहे. काम सुरू करताना निगेटिव्ह टर्मिनल आधी काढावे आणि जोडताना शेवटी जोडावे.

अ‍ॅव्हरेज वाढण्याच्या गोष्टीवर विश्वास ठेवू नका. इंजिनच्या बहुतेक सेन्सरांची परतीची वायर थेट ईसीयूकडे (इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाकडे) जाते. अर्थिंग धड असलेल्या गाडीत आणखी केबली घातल्याने इंधन वाचत नाही.

गाणीवेडा (पुणे)

वरील उत्तराशी मी सहमत आहे, पण एक अपवाद सांगतो. माझ्या गाडीत मोठा अ‍ॅम्प्लिफायर आहे आणि तेथे मूळ अर्थिंग खरोखरच अपुरी पडत होती. जाड निगेटिव्ह केबल टाकल्यावर फरक स्पष्ट जाणवला. कंपनीने धरलेल्या भारापेक्षा जास्त भार घातला असेल तरच जाडी वाढवण्याला अर्थ आहे. तसेच नव्या गाड्यांत बॅटरीच्या निगेटिव्ह क्लॅम्पवरच करंट मोजणारा सेन्सर असतो. अशा गाडीत जादा केबल थेट बॅटरीच्या खांबाला जोडली तर तो करंट मापातून निसटतो आणि चार्जिंगचा हिशोब चुकतो. ती पत्र्यावरच्या अर्थ पॉइंटला जोडावी.

किनारपट्टीकर (मालवण)

आपण दोघांनी वेळ काढून लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. काल भाच्याला सेल्फ मारायला बसवून माप घेतले, तेव्हा ०.६२ व्होल्ट आले. बॅटरीच्या ट्रेखालची पट्टी काढताच ती हातात दोन तुकड्यांत आली. कणकवलीहून १६ चौरस मिलिमीटरची केबल दोन्ही टोकांना लग (बोल्टसाठी भोक असलेले धातूचे टोक) दाबून करून आणली, पत्रा घासला, जेली लावली. सगळे मिळून चारशे रुपयांच्या आत झाले. आता माप ०.०९ व्होल्ट येते आणि सकाळी इंजिन पहिल्याच फेरीत पकडते.

उजेड मात्र थोडाच सुधारला. हेडलाइटच्या अर्थ वायरीवर ०.०५ व्होल्टच दिसते, पण पॉझिटिव्ह बाजूला बॅटरीपासून बल्बपर्यंत १.३ व्होल्ट हरवतात. हे कशामुळे?

गाडीवायरमन (चिंचवड)

आपल्या गाडीत हेडलाइटला रिले (बारीक करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) नसावा. तसे असेल तर दोन्ही बल्बांचा सगळा करंट स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून जातो आणि त्याचे जुने संपर्क हे व्होल्ट खातात. हॅलोजनला व्होल्टेज दहा टक्के कमी मिळाले तर उजेड सुमारे तीस टक्के घटतो, म्हणून आपल्याला तो पिवळट दिसतो. बॅटरीजवळ फ्यूज घालून रिलेचे हार्नेस (तयार वायरींचा संच) बसवा, स्विचकडे फक्त रिलेची बारीक वायर ठेवा, आणि बसवल्यावर बल्बपाशी पुन्हा माप घेऊन येथे कळवा.