ओट्याखालच्या सागवानी कपाटांचा रंग टिकत नाही, पूर्वतयारी कशी करावी?

वाशिष्ठीकाठ
नमस्कार. चिपळूणला आईच्या स्वयंपाकघरात ओट्याखाली आठ आणि भिंतीवर सहा अशी चौदा दारांची कपाटे आहेत. माझ्या वडिलांनी १९९४ साली जुन्या घराच्या सागवानी फळ्यांतून ती करून घेतली होती. २२ जुलै २०२१ च्या पुरात घरात पाणी शिरले आणि खालची कपाटे दोन दिवस गाळात राहिली. गणपती तोंडावर आलेले असल्यामुळे ऑगस्टच्या अखेरीस एका रंगाऱ्याकडून सगळ्या दारांना फिकट हिरवा ऑइल पेंट लावून घेतला. वर्षभरातच शेगडीजवळच्या दारांचे पापुद्रे सुटू लागले आणि खालच्या दारांवर फुगे आले. गेल्या वर्षी त्यावरच आणखी एक हात दिला, तोही सहा महिन्यांत निघाला.

डिसेंबरात मला पंधरा दिवसांची रजा आहे आणि काम मी स्वतः करणार आहे. खर्चाची मर्यादा १५,००० रुपये आहे. आई रोज स्वयंपाक करते, त्यामुळे स्वयंपाकघर पूर्ण बंद ठेवता येणार नाही. कपाटे बदलायची नाहीत, एवढे कृपया गृहीत धरून पूर्वतयारीविषयी सांगावे.

पिंपळपान
तुमची भावना समजते, पण स्वानुभवाने सांगतो की हा खर्च वाया जाईल. आम्हीही जुन्या कपाटांना दोनदा रंग दिला आणि दोन्ही वेळा तो दोन वर्षांच्या आत खराब झाला. शेवटी सगळे काढून मॉड्युलर किचन करून घेतले. अडीच लाख रुपये लागले, परंतु आज पाच वर्षांनंतरही एका शटरला ओरखडा नाही, आणि पाहुणे आले की पहिल्यांदा स्वयंपाकघराचेच कौतुक करतात. सागाला आज चांगला भाव मिळतो. ती लाकडे विकून त्या रकमेची भर घालता येईल.

डोंबिवली_पूर्व
मॉड्युलर नको असेल तर निदान पीयू (पॉलियुरेथेन) पेंट करा, तोही स्प्रेने. ब्रशने कधीही तसा गुळगुळीतपणा येत नाही. आम्ही करून घेतले त्याचे चाळीस हजार झाले, पण काचेसारखी चकाकी आहे. आणि आधी सगळे स्वच्छ धुऊन घ्या, ते महत्त्वाचे आहे.

रंधा
मूळ प्रश्न पूर्वतयारीचा आहे आणि मर्यादा १५,००० रुपयांची आहे, म्हणून मी त्याच्याच आत राहून लिहितो.

रंग का सुटला हे ठरवल्याशिवाय तयारी ठरवता येत नाही, आणि ते ठरवण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे सुटलेला पापुद्रा उलटा करून पाहणे. पापुद्र्याची मागची बाजू गुळगुळीत आणि पिवळसर चिकट असेल, तर रंग तेलकट थरावर किंवा न घासलेल्या चकचकीत जुन्या रंगावर बसला होता. मागे पांढरी भुकटी असेल, तर मधली पुट्टी सुटली आहे. मागे लाकडाचे तंतू चिकटलेले असतील किंवा खाली लाकूड काळसर दिसत असेल, तर आतली ओल हे कारण आहे. शेगडीजवळचा दोष आणि पुरात बुडालेल्या दारांचा दोष एकच असेल असे गृहीत धरू नका. कृपया दोन्हीकडचे पापुद्रे पाहून येथे सांगा.

कोयनाकाठ
इतके तपासत बसण्याची गरज नाही. कॉस्टिक सोड्याचे पाणी लावा, दोन तासांत जुना रंग साबणासारखा निघून येतो. आमच्याकडे खिडक्यांचे असेच केले होते आणि एका दिवसात आठ पल्ले मोकळे झाले.

देवराई
कोयनाकाठ, मी कळकळीने विरोध करते, कारण हीच चूक मी केली आहे. कॉस्टिकने तेलरंगाचा खरोखरच साबण होतो, म्हणूनच तो निघतो. पण तो क्षार लाकडाच्या रंध्रांत उरला, तर वर लावलेल्या नव्या ऑइल पेंटचेही तेच होते. माझे सागवानी दार काळपट पडले, त्याचे तंतू उभे राहिले आणि नवा रंग तीन महिने चिकटच राहिला. हातावर उडालेल्या थेंबाचा डाग अजून आहे.

कोयनाकाठ
व्हिनेगरच्या पाण्याने शेवटचा हात फिरवला असता, तर हा प्रश्न आला नसता. आम्ही फिरवला होता. आमच्या खिडक्या बारा वर्षे झाली, अजून उत्तम आहेत.

देवराई
खिडकीला दिवसभर वारा आणि ऊन मिळते. ओट्याखालच्या दाराला त्यातले काहीच मिळत नाही, त्यामुळे ती तुलना मला पटत नाही.

लेस्टरहून
मी इंग्लंडमध्ये राहते. येथे घराघरांतून स्वयंपाकघरातील कपाटे रंगवली जातात आणि त्याची ठरलेली पद्धत आहे. प्रथम शुगर सोप नावाच्या द्रावणाने धुतात, मग घासतात, मग चिकटून बसणारा खास प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर, आणि त्यावर पाण्यात मिसळणारा इनॅमल रंग लावतात. ऑइल पेंट आता फार कमी लोक घेतात, कारण उजेड कमी असलेल्या जागी पांढरा ऑइल पेंट पिवळा पडतो आणि वास आठवडाभर जात नाही. माझी कपाटे २०१८ साली मी एकटीने रंगवली, अजून एकही टवका उडालेला नाही.

डोंबिवली_पूर्व
चिपळूणच्या बाजारात शुगर सोप कोण देणार? आणि आपल्याकडे रोज फोडणी असते, तिकडच्या स्वयंपाकाशी तुलना होणार नाही. चिमणी बसवा, निम्मा प्रश्न सुटेल.

लेस्टरहून
माझ्याही घरी रोज फोडणी असते.

वाशिष्ठीकाठ
सर्वांचे आभार. काल आईकडे जाऊन रंधा यांनी सांगितल्याप्रमाणे पापुद्रे पाहिले. शेगडीच्या वरच्या दोन दारांचा रंग प्लास्टिकच्या कागदासारखा सलग सुटतो. मागची बाजू गुळगुळीत आहे आणि खाली १९९४ चा मूळ क्रीम रंग जसाच्या तसा आहे. त्याला बोट लावले तर अजून चिकट लागते. खालच्या दारांना मात्र फुग्यांखाली पांढरी भुकटी आहे. आईला विचारले, तर ती म्हणाली, रंगाऱ्याने भिंतीसाठी आणलेल्या पिशवीतलीच पुट्टी कपाटांना लावली होती. भिंतीवरच्या उरलेल्या चार दारांचा रंग उत्तम आहे.

रंधा
तुम्ही फार व्यवस्थित पाहिलेत. यावरून असे दिसते की तुमच्याकडे दोन वेगवेगळे दोष आहेत आणि चार दारांत काहीच दोष नाही. केवळ पावसाळी हवेमुळे रंग गेला असता, तर ती चार दारेही सुटली असती.

शेगडीजवळची दारे: तळणीचा धूर आणि फोडणीचे तेल उडून वर्षानुवर्षे जो थर बसतो, तो साध्या तेलासारखा राहत नाही, उष्णतेने आणि हवेने घट्ट होतो. ओल्या फडक्याने तो पुसला जात नाही. एक लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा विरघळवून, हातमोजे घालून, नारळाच्या काथ्याने किंवा भांड्यांच्या हिरव्या घासणीने हे द्रावण चोळा, दहा मिनिटे राहू द्या आणि पुसा. पुसलेले फडके पिवळे येणे थांबेपर्यंत हे पुन्हा करावे लागेल. माझ्याकडे चार वेळा करावे लागले होते. नंतर स्वच्छ पाण्याने दोनदा पुसणे अत्यावश्यक आहे, कारण देवराई यांनी कॉस्टिकबद्दल जे सांगितले, ते सौम्य प्रमाणात या सोड्यालाही लागू आहे. धुण्याच्या आधी घासू नका. आधी घासले, तर घासकागद ते तेल लाकडात आणि जुन्या रंगात आणखी खोल दाबतो, आणि लोक नेमका हाच क्रम उलटा करतात.

धुऊन वाळल्यावर १८० नंबरच्या घासकागदाने घासा. जुना क्रीम रंग घट्ट बसलेला असेल, तर तो पूर्ण काढण्याचे कारण नाही, फक्त त्याची चकाकी गेली पाहिजे. दार उजेडात तिरके धरून पाहिले की चमकणारे डाग राहिलेत का ते समजते.

खालची दारे: येथे मात्र पुट्टीसकट सगळे लाकडापर्यंत काढावे लागेल. भिंतीची पुट्टी पांढऱ्या सिमेंटची असते आणि ती ताठ असते. लाकूड पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, ती त्याच्याबरोबर हलू शकत नाही, म्हणून सुटते. खड्डे भरायचे असतील, तर खडूची भुकटी आणि अळशीचे तेल यांचा मळलेला लगदा, म्हणजे लांबी, वापरा किंवा लाकडासाठी मिळणारी पुट्टी घ्या, आणि तीही फक्त खड्ड्यांपुरती. पुरानंतर जेमतेम पाच आठवड्यांत त्या दारांवर रंग चढला, म्हणजे ओल आतच बंद झाली असणार. खरवडलेली दारे किमान आठवडाभर सावलीत, हवेशीर जागी उभी ठेवा. सुताराकडे ओलावा मोजण्याचे यंत्र असेल, तर १५ टक्क्यांच्या खाली आकडा आल्याशिवाय प्रायमर लावू नका. पुढच्या सहा महिन्यांचे काम या एका आठवड्यात होते, असे मी मानतो.

सागात स्वतःचे तेल असते, त्यामुळे उघड्या लाकडावर प्रायमरच्या थोडे आधी टर्पेंटाइनचे फडके फिरवून ते उडू द्या. प्रायमर तेलाचा, लाकडासाठीचा घ्या. दाराची मागची बाजू आणि विशेषतः खालची कड यांनाही प्रायमर लावा, कारण लादी पुसताना पाणी तेथूनच वर चढते आणि रंगारी तीच जागा सोडतात.

मृद्गंध
एक गोष्ट कोणीच लिहिली नाही, म्हणून आवर्जून लिहिते. १९९४ च्या ऑइल पेंटमध्ये शिसे असण्याची शक्यता मोठी आहे. आपल्याकडे घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपुरते मर्यादित करणारा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, त्याआधी तशी सक्ती नव्हती. त्यामुळे तो क्रीम रंग कोरडा घासू नका. वॉटर पेपर पाण्यात भिजवून घासा, दारे अंगणात नेऊन काम करा, चांगला मास्क लावा, खाली प्लास्टिक अंथरा आणि खरवड त्यातच गुंडाळून टाका. दिव्याने जाळून रंग काढण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मुळीच मानू नका. घरात लहान मूल किंवा गरोदर स्त्री असेल, तर तिने त्या दिवसांत तेथे थांबू नये.

पिंपळपान
शिसे, ओल, खरवडणे, आठवडाभर वाळवणे, हे सगळे वाचल्यावर माझे मत आणखी पक्के झाले आहे. किमान दारांवर सनमायका तरी चिकटवा.

रंधा
सुटणाऱ्या रंगावर सनमायका चिकटवला, तर तो रंगासकट सुटतो. म्हणजे खरवडण्याचे काम तेव्हाही चुकत नाही.

लेस्टरहून
पाण्यात मिसळणाऱ्या इनॅमलचा विचार अजूनही करावा, अशी माझी विनंती आहे. दोन तासांत स्पर्शाला वाळतो आणि आईंना वासाचा त्रास होणार नाही. जुन्या ऑइल पेंटवरही तो बसतो, फक्त मधे प्रायमर हवा.

देवराई
या बाबतीत मी लेस्टरहून यांच्याशी सहमत आहे. कोणताही रंग घ्या, पण वाळणे आणि मुरणे यांत फरक आहे हे लक्षात ठेवा. दुसऱ्या दिवशी दार हाताला कोरडे लागते, पण रंग पूर्ण कडक व्हायला तीन-चार आठवडे लागतात. त्या काळात साबणाने धुऊ नका, कपाट घट्ट दाबून बंद करू नका आणि ओला टॉवेल दारावर वाळत घालू नका. माझ्या बहिणीकडे पूर्वतयारी अगदी चोख झाली होती, पण चौथ्या दिवशी दारे बसवून बंद केली आणि कडेचा रंग चौकटीला चिकटून तेथेच उरला.

डोंबिवली_पूर्व
हेच मी म्हणत होतो, आधी स्वच्छ धुवा. आणि स्प्रेचे पुन्हा एकदा विचारून पाहा, भाड्याने मिळतो.

वाशिष्ठीकाठ
आपण सर्वांनी एवढा वेळ दिलात, त्याबद्दल मनापासून आभार. रविवारी शेगडीवरच्या एका दारावर सोड्याचा प्रयोग केला. पाच वेळा पुसल्यावर फडके स्वच्छ आले आणि क्रीम रंग हाताला खरखरीत लागू लागला. ते पाहून आईने वेगळेच सुचवले. ती म्हणाली की शेगडीजवळची ती दोन दारे परत बसवूच नयेत, कारण दिवसातून वीस वेळा ती तेलकट हाताने उघडावी लागतात आणि तिला डबे डोळ्यांसमोर हवे आहेत. म्हणून ती दोन दारे धुऊन, कागदात गुंडाळून माळ्यावर ठेवणार आहे. चांगल्या चार दारांना हात लावणार नाही. खालची आठ दारे मात्र लाकडापर्यंत खरवडेन, दोन टप्प्यांत, एका वेळी चारच काढून, म्हणजे आईची अडचण होणार नाही. रंग ऑइल पेंटच घेणार आहे आणि ब्रशनेच लावणार आहे, कारण वडील तसेच लावत असत आणि तो हात मला येतो. माझ्या हिशेबाने साहित्याला चार हजारांच्या आसपास लागतील.

लेस्टरहून
उघड्या मांडणीवर आणि डब्यांवर तोच तेलकट थर बसेल. दर आठवड्याला डबे धुवावे लागतील, याचा विचार केला आहे का?

वाशिष्ठीकाठ
होय. आई ते डबे गेली तीस वर्षे दर शनिवारी धुते.

रंधा
निर्णय चांगला आहे. पण हिशेब पंधरा दिवसांच्या रजेत बसत नाही, ते आधी पाहा. दोन टप्पे आणि प्रत्येकी आठवडाभर वाळवणे, त्यावर प्रायमरचा एक दिवस आणि रंगाच्या दोन हातांमध्ये पूर्ण रात्र. पहिली चार दारे रजेच्या आधीच एखाद्या शनिवार-रविवारी खरवडून ठेवा. दार काढण्यापूर्वी बिजागरीखालच्या खाचेत पेन्सिलने नव्हे, तर खिळ्याने कोरून नंबर घाला. पेन्सिल प्रायमरखाली जाते आणि हाताने केलेल्या कपाटात एका चौकटीचे दार दुसरीला बसत नाही. बिजागऱ्यांचे स्क्रूही त्या त्या नंबरच्या पुडीत ठेवा.

वाशिष्ठीकाठ
या शनिवारी सिंकखालच्या चार दारांपासून सुरुवात करते.