शब्दचर्चा: स्की करताना पायाखालच्या बर्फाला काय काय म्हणावं?

मूळ प्रश्न, बॉस्टनहून

आमचा मराठी मंडळींचा ग्रुप हिवाळ्यात व्हर्मॉंटमधल्या मॅड रिव्हर ग्लेनला स्की करायला जातो. शनिवारी निघायचं की नाही हे शुक्रवारी रात्री ठरतं. आठवड्यात जो जाऊन आला असेल त्याने ग्रुपवर चार ओळी टाकायच्या असा रिवाज आहे. या ओळी मराठीत लिहायला बसलं की गाडी ‘बर्फ’ या एका शब्दावर अडते. फ्रीजमधला बर्फ, आभाळातून पडतो तोही बर्फ, आणि पाऊस पडून रात्रीत गोठून टणक झालेला तोही बर्फच. ‘हिम’ आहे, पण ‘काल सहा इंच हिम पडलं’ असं आमच्यापैकी कुणी बोलत नाही.

या डोंगरासाठी तर शब्द जास्तच लागतात. इथे यंत्राने पाडलेला बर्फ फक्त खालच्या थोड्या भागात असतो, बाकी सगळं आभाळावर अवलंबून. न्यू इंग्लंडचा हिवाळा असा की एका आठवड्यात बर्फ पडतो, मग पाऊस येतो, मग पारा एकदम खाली जातो. एकाच उतारावर वर एक, मध्ये दुसरा, खाली तिसरा बर्फ मिळतो. वाचणाऱ्याला वाक्यातून कळायला हवं की पाय कशावर पडणार आहे. तुम्ही काय शब्द वापराल?

नाशिकहून

मी स्की कधी केलेलं नाही, पण शेती घरची आहे, म्हणून लिहितो. मुलीकडे गेलो होतो तेव्हा रात्री उतारावर फिरणारं यंत्र पाहिलं. पुढे बर्फ सारखा करणारं पातं, मागे फिरणारा रोटर आणि त्याच्याही मागे दातेरी पट्टा, ज्याने बारीक रेघा उमटतात. आमच्याकडे ट्रॅक्टरमागे रोटाव्हेटर लावतात आणि ‘रान रोटरलं’ म्हणतात. मग तो उतार ‘रोटरलेला’ का म्हणू नये? इंग्रजीत त्या रेघांवरून कॉर्डरॉय म्हणतात असं मुलीने सांगितलं. कापड सगळ्यांना माहीत आहे, तेही चालेल.

आणि त्या यंत्राने उलथून टाकलेले तुकडे रात्रीत गोठले तर सकाळी दगडासारखे पडलेले असतात. त्यांना ‘ढेकळं’ म्हणा. दुसरा शब्द शोधूच नका.

पुण्याहून

काका, ‘ढेकळं’ पक्का!

मी सह्याद्रीत भटकणारा आहे, म्हणून बर्फाचं सोडून डोंगराचं बोलतो. उताराच्या आकारासाठी आपल्याकडे शब्दांची श्रीमंती आहे आणि ट्रेकर रोज ते वापरतात. दोन सोंडांच्या मध्ये उतरणारी अरुंद खोल घळ म्हणजे नाळ. बोराट्याची नाळ आहे, हरिश्चंद्रगडाला बेलपाड्याकडून चढणारी नळीची वाट आहे. स्कीवाले ज्याला शूट किंवा कुलॉर म्हणतात ती ही नाळच. रिज म्हणजे धार. डोंगराचा पुढे आलेला भाग म्हणजे सोंड. आडवं कापत जाणं म्हणजे आडवी मारणं. यात नवीन काही घडवायची गरजच नाही.

स्की ट्रेलला मी सरळ ‘वाट’ म्हणेन. ‘धावपट्टी’ विमानाची झाली आणि ‘घसरमार्ग’ तर रस्त्यावरच्या धोक्याच्या पाटीवर शोभेल.

एक शब्द मात्र मला सापडत नाही: फॉल लाइन. चेंडू सोडला तर ज्या दिशेने खाली जाईल ती रेषा. ‘ओघळरेषा’ कसा वाटतो? पावसाचं पाणी ओघळतं ती दिशा.

बॉस्टनहून

‘ओघळरेषा’ मला फार आवडला. नुसतं ‘ओघळ’ म्हटलं तर जमीन वाहून पडलेली चर डोळ्यापुढे येते, म्हणून ‘रेषा’ ठेवायलाच हवी.

तो या चर्चेला इतका उपयोगी का, ते सांगतो. व्हर्मॉंटच्या जुन्या वाटा १९३० च्या दशकात हातांनी तोडलेल्या आहेत. मंदीच्या काळात बेरोजगार तरुणांसाठी सरकारने सिव्हिलियन कॉन्झर्वेशन कोअर काढली होती. तिच्या तुकड्यांनी चार्ली लॉर्डच्या हाताखाली स्टोवजवळ माउंट मॅन्सफिल्डवर वाटा काढल्या. तेव्हा पाळणे, म्हणजे दोरावरून वर नेणाऱ्या खुर्च्या, नव्हते. माणूस चालत वर जायचा आणि स्कीवर खाली यायचा. म्हणून या वाटा अरुंद, डोंगराचा कल पाहत वळणं घेणाऱ्या. मॅड रिव्हर ग्लेन १९४८ साली सुरू झालं ते त्याच वळणावर. पुढे बुलडोझर आले, बर्फ पाडणारी यंत्रं आली आणि त्यांच्यासाठी सरळ, रुंद, सपाट उतार सोयीचे ठरले. अनेक डोंगर तसे बदलले, हा बदलला नाही.

अशा वाटेवर वाट एकीकडे वळते आणि ओघळरेषा दुसरीकडे ओढते. एक पाय वर, एक खाली, आणि सगळा बर्फ खालच्या कडेला जमा झालेला. वरच्या कडेला खडक आणि मुळं उघडी पडलेली. ‘इथे वाट ओघळरेषेत नाही’ एवढं लिहिलं तरी ग्रुपमधला नवखा सावध होईल. इतकी माहिती देणारा शब्द टिकला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

वाटांच्या नावांचंही सांगतो. इथे बहुतेक नावं प्राण्यांची: कॅटमाउंट, लिंक्स, अँटेलोप, पॉर्क्युपाइन. पाळण्याच्या थेट खालून जाते ती शूट, म्हणजे नाळ. तिथे पडलात तर वरून जाणारा प्रत्येक जण बघतो!

पुण्याहून

प्राण्यांच्या नावात ऐट आहे, पण प्रतापगड-महाबळेश्वरकडच्या ‘रडतोंडीच्या घाटा’ची सर त्याला नाही. चढणाऱ्याचं तोंड कसं होतं ते नावातच सांगून टाकलंय.

मॅड रिव्हर ग्लेनला एकेका खुर्चीवर एकच माणूस बसेल असा पाळणा होता ना, तो अजून चालू आहे का?

बॉस्टनहून

चालू आहे. २००७ साली तो पूर्ण उतरवून, दुरुस्त करून पुन्हा उभा केला. दोन खुर्च्यांचा करता आला असता, पण सभासदांनी एकाचाच ठेवला. १९९५ पासून हा डोंगर स्की करणाऱ्यांच्याच सहकारी संस्थेच्या मालकीचा आहे. साखर कारखाने आणि दूध संघ पाहिलेल्या आपल्या लोकांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही, ‘सभासद’, ‘भाग’, ‘सर्वसाधारण सभा’ हे शब्द तयारच आहेत. एकेरी पाळण्याचा हिशेब साधा आहे. तासाला कमी माणसं वर जातात, म्हणून वाटांवर गर्दी कमी आणि पडलेला बर्फ जास्त वेळ टिकतो. स्नोबोर्डला इथे बंदी आहे. अमेरिकेत अशी बंदी असलेली ठिकाणं तीनच, बाकीची दोन युटामध्ये. या बंदीवर आमच्या ग्रुपमध्येही कडाक्याचं भांडण होतं. मला ती पटत नाही. बाकी सगळ्या बाबतीत इतका मोकळा डोंगर आणि एका साधनाला दार बंद, हे बरं दिसत नाही.

बर्लिंग्टनहून

मी मॅड रिव्हर ग्लेनपासून तासाभरावर राहते. तुम्ही वाटांमध्ये रमलात, मूळ प्रश्न बर्फाचा होता. माझे शब्द देते, घरात मुलांशी हेच बोलते.

ताजा, कोरडा, हलका पडलेला तो ‘भुसभुशीत’. ‘भुरभुरीत’ही चालेल, पण तो पडताना जास्त शोभतो. पावसानंतर गोठून चकाकणारा तो ‘निबर’. स्कीची कड त्यात रुतत नाही, नुसता खरखर आवाज येतो. वर पातळ कडक थर आणि खाली मऊ, असा असेल तर ‘खपली धरलेला’. आणि एप्रिलमधला, रात्री गोठून दिवसा उन्हाने सुटणारा दाणेदार बर्फ तो ‘रवाळ’. तुपाला वापरतो तोच शब्द. बर्फाचे कण पुन्हा पुन्हा वितळून-गोठून मोठे गोल दाणे होतात, म्हणून तो वर्णनालाही नेमका बसतो. रवाळ बर्फाला वेळ असते. सकाळी लवकर गेलात तर निबर, दुपार उलटली की राडा. मधले काही तास सोन्याचे.

लोक वळून वळून जे उंचवटे तयार करतात, त्यांना आम्ही ‘टेंगळं’ म्हणतो.

आणखी एक. माउंट मॅन्सफिल्डच्या माथ्याजवळ बर्फाची खोली मोजायची काठी आहे, १९५४ पासून तिच्यावर नोंदी घेतात. ती चाळीस इंच दाखवू लागली की झाडीत स्की करायला हरकत नाही, असं इथले जुने लोक मानतात, कारण तेव्हा झुडपं आणि पडलेली खोडं झाकली जातात. या झाडीतल्या जागांना काय म्हणायचं हे मला सुचत नाही. ‘राई’ फार दाट वाटते.

नाशिकहून

ताई, ‘विरळ रान’ म्हणा.

बर्लिंग्टनहून

चालेल काका. फक्त ‘विरळ’ म्हटलं की कुणी कुऱ्हाड घेऊन विरळ करायला जाऊ नये. २००७ साली व्हर्मॉंटमधल्याच ‘जे पीक’ या स्कीच्या डोंगराजवळच्या ‘बिग जे’ डोंगरावर दोघांनी परवानगीशिवाय झाडं तोडून पट्टा काढला होता, आणि त्यांच्यावर खटला झाला. उंचावरची फर आणि स्प्रूसची झाडं फार हळू वाढतात.

गुलमर्गला शिकलेला, सध्या ठाण्यात

वाचत होतो, राहवलं नाही. गुलमर्गला आमचे काश्मिरी शिक्षक पडलेल्या बर्फाला ‘शीन’ म्हणायचे. तिथला प्रश्न तुमच्यापेक्षा वेगळा आहे. गोंडोलाचा, म्हणजे केबल कारचा, दुसरा टप्पा अफरवटच्या धारेजवळ, जवळजवळ चार हजार मीटरवर नेऊन सोडतो, आणि तिथून खाली बऱ्याच भागात आखलेल्या वाटाच नाहीत. नाळा आहेत, मोकळे उतार आहेत आणि हिमस्खलनाचा धोका आहे.

म्हणून तुमच्या यादीत एक शब्द घालाच. वाऱ्याने एका बाजूचा बर्फ उचलून दुसऱ्या बाजूला दाबून बसवला की त्याचा एकसंध, घट्ट थर होतो. पाय ठेवला तर भक्कम वाटतो, पण खालच्या कच्च्या थरावरून तो अख्खा सुटतो. त्याला मी ‘पाट’ म्हणतो. ‘खपली’ आणि ‘पाट’ यांत गल्लत होता कामा नये. खपली मोडली तर माणूस पडतो, पाट सुटला तर सगळा उतार खाली येतो. व्हर्मॉंटच्या झाडीत याची गरज कमी पडेल, पण तुमच्यापैकी कुणी न्यू हॅम्पशायरच्या टकरमन रॅव्हिन या उघड्या, खड्या उताराच्या दरीत जात असेल तर तिथे हाच शब्द लागेल.

बॉस्टनहून

आमच्यातले काही जण वसंतात टकरमनला जातात, त्यामुळे ‘पाट’ आजपासूनच. निबर, खपली, रवाळ, ढेकळं, टेंगळं, ओघळरेषा, विरळ रान हे सगळे घेतले. ‘रोटरलेला’ शहरात वाढलेल्या मुलांना समजेल का याबद्दल मला शंका आहे, म्हणून सध्या त्याच्याबरोबर कॉर्डरॉयही लिहीन.

एक प्रश्न उरतो. या डोंगरावर टाच मोकळी ठेवून, एक गुडघा वाकवून वळणारे टेलिमार्कवाले बरेच आहेत. नाव नॉर्वेतल्या प्रांताचं आहे, ते तसंच ठेवू. पण त्या वळण्याच्या क्रियेला मराठीत काय म्हणाल? ‘गुडघा टेकून वळणं’ लांब होतं, आणि गुडघा खरं तर टेकत नाही.