घरी बनवलेल्या व्हॉल्व्ह अँपचे फिल्टर कपॅसिटर डिस्चार्ज कसे करायचे?

गिटारवाला_जळगाव:
नमस्कार मंडळी, एका ईएल८४ आणि एका १२एएक्स७ व्हॉल्व्हवर घरीच गिटारचा छोटा अँप बनवलाय, आवाज मस्त निघतो पण हम (सतत गुणगुण) फार आहे म्हणून ग्राउंडच्या वायरी सोडवून परत लावायच्यात. बी प्लसला (व्हॉल्व्हना जाणाऱ्या हाय व्होल्टेज लाइनला) ३२० व्होल्ट डीसी, फिल्टरला ४७ मायक्रोफॅरडचे ४५० व्होल्टवाले दोन कपॅसिटर, मधे १० के (१०,००० ओहम) चा रेझिस्टर. गल्लीतले टीव्ही रिपेरिंगवाले काका म्हणतात स्क्रू ड्रायव्हर टेकव, फट् झालं की झालं. बरोबर आहे का? आणि बंद करून किती वेळ थांबलं की आत हात घालायचा?

भुसावळचा_रेडिओवाला:
स्क्रू ड्रायव्हर अजिबात नको रे भो. दोन्ही मिळून जवळपास ५ ज्यूल साठलेले असतात, ते एकदम सोडले की टोक वितळतं, टर्मिनलला खड्डा पडतो, कपॅसिटर आतून खराब होऊ शकतो, आणि ठिणगीने दचकून दुसरा हात चॅसिसला (अँपच्या धातूच्या सांगाड्याला) लागला तर करंट थेट छातीतून.

नुसतं थांबण्यावर पण भरवसा ठेवू नको. स्टँडबाय (व्हॉल्व्हचा बी प्लस तोडणारा स्विच) ऑफ करून बंद केला असेल तर व्हॉल्व्ह करंट ओढतच नाहीत, चार्ज तासनतास तसाच राहू शकतो. १० के ५ वॅटचा सिमेंटवाला पांढरा रेझिस्टर घे, एका टोकाला जाड इन्सुलेशनची वायर आणि क्रोकोडाइल क्लिप, दुसऱ्या टोकाला जुन्या मीटरचा प्रोब, सगळ्या उघड्या जोडांवर स्लीव्ह चढव. प्लग भिंतीतून काढायचा, नुसता स्विच बंद नाही, कारण लोडशेडिंगमधे लाइट गेली म्हणून उघडून बसलास आणि ती परत आली तर? मग क्लिप आधी चॅसिसला, एक हात पाठीमागे, आणि प्रोब पहिल्या कपॅसिटरच्या प्लसवर पंधरा-वीस सेकंद धर. नंतर दुसऱ्यावर पण धर, मधला १० के ओपन झाला (आतून तुटला) असेल तर पहिला रिकामा होऊनही दुसरा भरलेलाच राहतो.

मग दोन्हीवर मीटर लाव, १००० व्होल्ट डीसी रेंजवर. मीटर आधी ९ व्होल्टच्या बॅटरीवर तपासून घे, लीड तुटलेली असली तरी ते शून्यच दाखवतं.

धुळेकर_साउंड:
आमच्याकडे बरेच जण १०० वॅटचा बल्ब लावून डिस्चार्ज करतात. चालतं, पण फिलामेंट उडालेला असला तर बल्ब पेटला नाही म्हणजे रिकामा आहे असं वाटतं, म्हणून मला रेझिस्टर आणि मीटरच पटतं. आणि भाऊ, मे महिन्यात दुपारी हे काम करू नको, पारा ४५ ला टेकलेला असतो, तळहात घामाने ओले, ओल्या कातडीचा रेझिस्टन्स फार कमी होतो.

गिटारवाला_जळगाव:
खूप आभार दादा! कायमचा ब्लीडर (बंद केल्यावर चार्ज आपोआप उतरवणारा रेझिस्टर) लावला तर किती व्हॅल्यूचा?

भुसावळचा_रेडिओवाला:
२२० के, २ वॅट, पहिल्या कपॅसिटरला समांतर. अर्धा वॅटसुद्धा खात नाही आणि पावणेदोन मिनिटात दोन-तीन व्होल्टवर आणतो. स्टँडबाय स्विच दोन कपॅसिटरच्या मधे असेल तर दुसऱ्यालाही वेगळा लाव. ब्लीडर असला तरी मीटर लावायचंच, तो पण ओपन होतो. आणि डिस्चार्ज केल्यावर थोड्या वेळाने काही व्होल्ट आपोआप परत चढतात, त्यामुळे वायरी लावून होईपर्यंत तो १० के चा रेझिस्टर क्लिप लावून तसाच ठेव, चालू करायच्या आधी आठवणीने काढ.