जपानचा वसंत, लहान गट, सावकाश चाल : जाणकारांचे अनुभव

मार्च-एप्रिलमधलं जपान, आठ-दहा जणांचा गट, सोबत मार्गदर्शक आणि घाई अजिबात नाही. अशी सहल ज्यांनी आखली किंवा नेली आहे, त्यांनी नेमकं लिहावं. किती रात्री, किती चढ, कुठे अडतं आणि का अडतं, ते हवं. "खूप छान झालं" एवढ्याने पुढच्या माणसाचं काम होत नाही.

सहली आखणाऱ्या ताई, पुणे

सावकाश सहल म्हणजे ठिकाणं गाळलेली सहल नव्हे, मुक्कामाची गावं कमी केलेली सहल. पारंपरिक अतिथीगृहात, म्हणजे र्‍योकानमध्ये साधारण दुपारी 3 नंतर खोली मिळते आणि सकाळी 10 ला सोडावी लागते. एकच रात्र राहिलात तर हातात 19 तास येतात, त्यातले बरेचसे झोप, आंघोळ आणि जेवणात जातात. म्हणून 14 रात्रींची विभागणी अशी करते: तोक्यो 4, किसोचं खोरं (पायवाटेसाठी) 2, क्योतो 5, कोयासान (डोंगरावरचं देवळांचं गाव, मुक्काम देवळातच) 1, ओकायामा 2. एका रात्रीचा मुक्काम फक्त कोयासानला, कारण तिथला दिवस पहाटेच सुरू होतो.

आता साकुरा, म्हणजे चेरीचा बहर. सर्वात जास्त लावलेलं झाड म्हणजे सोमेइ योशिनो. ही सगळी झाडं कलमाने वाढवलेली, एकाच झाडाच्या प्रती. म्हणून एका गावातली सगळी एकदम फुलतात आणि आठवडाभरात एकदम झडतात. 1991 ते 2020 च्या सरासरीने तोक्योत पहिली फुलं 24 मार्चला आणि पूर्ण बहर 31 मार्चला. क्योतोत 26 मार्च आणि 4 एप्रिल. पण एखाद्या वर्षी हे सहज आठवडाभर मागेपुढे होतं. तिकीट मात्र सहा महिने आधी काढावं लागतं. तेव्हा एका तारखेवर डाव लावू नका, मार्गात वेगवेगळ्या उंचीची ठिकाणं आणि वेगवेगळ्या जातींची झाडं ठेवा. नाराजवळच्या योशिनो डोंगरावर बहुतेक रानटी यामाझाकुरा आहेत. तिथे बहर पायथ्याकडून माथ्याकडे चढत जातो, त्यामुळे खाली झडला तरी वर मिळतो. क्योतोच्या निन्नाजी देवळातली ओमुरो साकुरा बुटकी आणि उशिराची. शहरातला बहर ओसरला की तिची पाळी येते आणि फुलं थेट डोळ्यांसमोर असतात, मान वर करावी लागत नाही.

परतीची तारीख 29 एप्रिलच्या आधीची धरा. त्या दिवसापासून 5 मेपर्यंत सुट्ट्यांची रांग असते. गाड्या, हॉटेलं सगळं भरलेलं.

मराठी मार्गदर्शक, ओसाका

ही सहल सामानावर उभी राहते किंवा आडवी होते. शिन्कान्सेन ही बुलेट ट्रेन मधल्या स्टेशनांवर एक-दोन मिनिटंच थांबते. दहा माणसं आणि दहा मोठ्या बॅगा एका दारातून तेवढ्यात आत जात नाहीत. शिवाय तोक्यो ते ओसाका जाणाऱ्या तोकाइदो शिन्कान्सेनमध्ये लांबी, रुंदी, उंची मिळून 160 सेंटिमीटरच्या वरची बॅग असेल तर डब्याच्या शेवटच्या रांगेतलं, मागे सामानाची जागा असलेलं आसन आधी आरक्षित करावं लागतं. त्याचे वेगळे पैसे नाहीत, पण न करता चढलात तर 1,000 येन भरावे लागतात. मोजताना चाकं आणि मूठही धरा, चूक नेमकी तिथेच होते.

यावर उपाय ताक्क्यूबिन, म्हणजे एका हॉटेलातून पुढच्या हॉटेलात घरपोच सामान. अंतर आणि आकार पाहून बॅगेमागे साधारण दोन-तीन हजार येन. सकाळीच स्वागतकक्षात बॅग द्या, फॉर्म मागा. त्यावर पुढच्या हॉटेलचं नाव, पत्ता, फोन, पोचण्याची तारीख आणि ज्या नावाने आरक्षण आहे तेच नाव. इथे घोळ होतो: आरक्षण आयोजकाच्या नावावर आणि बॅगेवर प्रवाशाचं नाव, मग पुढचं हॉटेल "असा पाहुणा आमच्याकडे नाही" म्हणतं. दोन्ही नावं लिहा. बॅग बहुतेक दुसऱ्या दिवशी पोचते, म्हणून ती रात्र पाठीवरच्या पिशवीवर काढायची. एक जोडी कपडे, औषधं, चार्जर. पासपोर्ट आणि रोकड कधीच बॅगेत नाही. पासपोर्ट परदेशी पाहुण्याने सतत अंगावर बाळगायचा, हा तिथला कायदा आहे.

कोयासानला मोठी बॅग नेऊच नका. क्योतोहून थेट ओकायामाला पाठवा.

जेआर पास, म्हणजे परदेशी पाहुण्यांसाठीचा जपान रेल्वेचा पास, त्याबद्दल सगळे विचारतात. ऑक्टोबर 2023 मध्ये सात दिवसांचा पास 50,000 येन झाला. तोक्यो-क्योतो एकेरी नोझोमी (सर्वात वेगवान शिन्कान्सेन) साधारण 14,000. सावकाश सहलीत लांब प्रवास तीन-चारच असतात, त्यामुळे सुटी तिकिटंच परवडतात. तोक्योहून जाताना उजवीकडची, ई अक्षराची खिडकी घ्या. पाऊण तासाने फुजी त्याच बाजूला दिसतो, ढग नसतील तर.

शाकाहारी गटांचं जेवण पाहणाऱ्या काकू, ठाणे

तिथे "शाकाहारी आहोत" एवढं सांगून भागत नाही. मांसाचे तुकडे काढून ठेवले की पदार्थ शाकाहारी झाला, असं समजणारे बरेच आहेत. खरी अडचण ताटात दिसतच नाही, ती पाण्यात असते. दाशि म्हणजे सगळ्या रश्श्यांचं मूळ पाणी, आणि ते बहुतेक वेळा कात्सुओबुशीचं, म्हणजे वाळवून धुरावलेल्या माशाच्या लाकडासारख्या कडक तुकड्याच्या किसाचं. मिसो सूप, सोबा शेवया बुडवायचं त्सुयु, उकडलेल्या भाज्या, इनारी सुशीतला गोड तोफू, सगळ्यात तेच. तयार करीच्या वड्यांत प्राण्यांची चरबी असते. दह्यात कधी जिलेटीन असतं.

म्हणून हे वाक्य पाठ करा, छापूनही न्या: "निकु तो साकाना वा ताबेमासेन. कात्सुओ-दाशि मो दामे देस. कोन्बु-दाशि वा दाइज्योबु देस." मांस-मासे खात नाही, कात्सुओची दाशिही चालत नाही, कोन्बु या समुद्री शेवाळाची चालते. अंडं-दूध चालत असेल तर जोडा: "तामागो तो ग्यून्यू वा दाइज्योबु देस."

हे सांगायचं कधी, तर आरक्षण करतानाच, आणि पोचायच्या आठवडाभर आधी पुन्हा. र्‍योकानची दाशि सकाळीच मोठ्या पातेल्यात होते आणि त्यातूनच रात्रीचे आठ-दहा छोटे पदार्थ निघतात. संध्याकाळी 6 ला पानावर बसून सांगितलंत तर स्वयंपाक्याच्या हातात भात आणि लोणचं एवढंच उरतं. त्यात त्याचा दोष नाही.

दुकानातल्या ओनिगिरीत, म्हणजे भाताच्या गोळ्यांत, उमेबोशीची, म्हणजे खारवलेल्या उमे फळाची, सुरक्षित वाटते. पण तिच्यातही बऱ्याचदा कात्सुओचा अर्क असतो. पाकिटावरच्या अ‍ॅलर्जीच्या तक्त्यावर विसंबू नका. त्यात अंडं, दूध, गहू, कोळंबी सापडेल, कात्सुओ सापडणार नाही, कारण तो त्या यादीत नाही. घटकांची पूर्ण यादी फोनच्या कॅमेऱ्याने वाचा.

जैन मंडळींसाठी: देवळातल्या शाकाहारी स्वयंपाकात, म्हणजे शोजिन र्‍योरीत कांदा-लसूण मुळातच नसतो, पण मुळा, गाजर, अळकुड्या, कमळकाकडी भरपूर. तेही लेखी कळवा.

घरून मेतकूट आणि शेंगदाण्याची कोरडी चटणी न्या. तिथला चिकट, आखूड भात मेतकुटाबरोबर फार छान लागतो. हे खोलीत खायचं, र्‍योकानच्या पानावर डबा उघडायचा नाही. ताजी फळं, भाज्या आणि कढीपत्तासुद्धा तपासणी-प्रमाणपत्राशिवाय नेता येत नाही, मांसाचे पदार्थही नाहीत.

आणि वसंतातलं चुकवू नये असं: कोवळे बांबूचे कोंब, रानभाज्यांची तेम्पुरा (पिठात अंडं असतं, विचारा), आणि खारवलेल्या साकुराच्या पानात गुंडाळलेली साकुरामोची. पानासकट खायची. पानाचा खारटपणा आणि आतल्या लाल चवळीसारख्या गोड पुरणाची जोडी जिभेवर बसते.

निवृत्त विद्युत अभियंता

तिथे 100 व्होल्ट आणि दोन चपट्या पिनांचं सॉकेट. फोनचा चार्जर चालतो. घरची पाणी तापवायची कॉइल नेऊ नका. 230 व्होल्टवर 1,000 वॉट देणारी कॉइल तिथे जेमतेम 190 वॉट देईल, पाणी कोमटच राहील. बहुतेक खोल्यांत किटली असते.

डॉक्टर, नाशिक

रोजची औषधं एक महिन्याच्या आत असतील तर न्यावीत, त्याहून जास्त असतील तर आधी तिथल्या आरोग्य मंत्रालयाकडून 'युन्यु काकुनिन-शो' हे आयात-प्रमाणपत्र घ्यावं लागतं. सर्दीच्या गोळ्या नीट वाचा: 10 टक्क्यांहून जास्त स्यूडोएफेड्रीन असलेलं औषध नेणं बंदच आहे, डॉक्टरची चिठ्ठी असली तरी. कोडीन असलेल्या खोकल्याच्या बाटल्याही टाळा. आणखी एक: फेब्रुवारी ते एप्रिल हा सुगी झाडाच्या परागकणांचा हंगाम, मागोमाग हिनोकी झाडाचा. दमा असलेल्यांनी इनहेलर खिशात ठेवावा आणि मास्क लावावा.

ओन्सेनचं, म्हणजे गरम झऱ्याच्या स्नानगृहाचं, पाणी 40 ते 42 अंश. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी एका वेळी पाच मिनिटं, आणि उठताना कठड्याला धरून. जेवणानंतर लगेच नको.

पायवाटेचे मार्गदर्शक, किसो खोरं

जुन्या नाकासेन्दो मार्गावरचा मागोमे ते त्सुमागो हा टप्पा सुमारे 8 किलोमीटर. धडधाकट माणूस अडीच-तीन तासांत जातो, निवांत गटाला चार तास द्या. दिशा मात्र हीच ठेवा. मागोमे साधारण 600 मीटरवर, खिंड 800 च्या आसपास, त्सुमागो 420. म्हणजे पहिल्या दोन-अडीच किलोमीटरमध्ये चढ संपतो. उलट गेलात तर तोच चढ जवळजवळ दुप्पट होतो. पण गुडघे दुखणाऱ्यांना उतार जास्त जड जातो. वाटेत दगडी फरसबंदी आहे, पाऊस पडून गेला की शेवाळाने ती निसरडी होते. काठी हवीच, आणि बुटाचा तळ खोल नक्षीचा.

वाटेत घंटा टांगलेल्या आहेत, अस्वलांसाठी. प्रत्येक घंटा जोरात वाजवायची. खिंडीच्या पलीकडे जुनं चहाघर आहे, तिथे गटाला निदान अर्धा तास बसू द्या.

ज्यांना चालायचं नाही त्यांना मागोमेहून बस आहे, पण दिवसाला मोजक्याच फेऱ्या. वेळ आदल्या दिवशी फलकावर पाहा. त्सुमागोच्या मुख्य रस्त्यावर दिवसा गाड्या नाहीत, विजेच्या ताराही दिसत नाहीत. दिवसभराची मंडळी परतल्यावर, संध्याकाळी पाचनंतर, हा रस्ता खरा आपला होतो. मुक्काम तिथे ठेवायचं कारण हेच.

क्योतोत गट नेणारी

बसमध्ये मागून चढायचं, पुढून उतरायचं, पैसे उतरताना. शहरात सपाट दर 230 येन. बहराच्या दिवसांत बस गच्च भरते, आठ जण एकाच बसमध्ये मावतील याची खात्री नाही. चौघांचे बसला 920 येन होतात, थोड्या अंतराला टॅक्सी तेवढ्यातच जाते, म्हणून आठ जण असतील तर दोन टॅक्सी. डावं मागचं दार चालक उघडतो, हात लावू नका. नववा माणूस आला की तिसरी टॅक्सी लागते. चिमुकल्या खाणावळीतही आठ-दहाच खुर्च्या असतात. म्हणून गट आठचाच ठेवा असं माझं ठाम मत आहे.

फुशिमी इनारी देऊळ रात्रंदिवस उघडं असतं, तिकीट नाही. सकाळी साडेसहाला पोचा. नवानंतर तोरींच्या (लाल कमानींच्या) रांगेत उभं राहायलाही जागा नसते. गिओन या गेइशांच्या वस्तीतल्या खासगी गल्ल्यांत फोटो काढायला मनाई आहे, 10,000 येन दंडाचे फलक लागले आहेत.

ओकायामाबद्दल, थोडक्यात

क्योतोहून नोझोमीने साधारण तासभर. पुण्याच्या सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान ज्या बागेवरून घेतलं, ती कोराकुएन इथली, 1700 साली पुरी झालेली. पुणेकरांनी सकाळी उघडताच जावं आणि आधी मोकळी हिरवळ बघावी. जपानी बागेत एवढी हिरवळ क्वचित असते. नदीपलीकडचा काळा किल्ला बागेचाच भाग वाटेल असा मागे ठेवलेला आहे.

कोयासानला गट नेणारे

ओसाकातल्या नाम्बाहून नानकाइ रेल्वेने गोकुराकुबाशी, मग पाच मिनिटं केबल कार, मग बस. वरच्या स्टेशनापासूनचा रस्ता फक्त बससाठी आहे, चालत जाता येत नाही, तेव्हा शेवटची बस कळीची. देवळात दुपारी 4 पर्यंत पोचा, कारण जेवण साडेपाच-सहाला वाढतात आणि उशिरा आलेल्यासाठी चूल पुन्हा पेटत नाही. गाव सुमारे 800 मीटरवर आहे. एप्रिलच्या सुरुवातीला रात्री कडाक्याची थंडी असते, खोलीत हीटर असला तरी ओसरीत नसतो. लोकरीचे मोजे न्या. झोपायला जमिनीवर गादी. ज्यांना उठता येत नाही त्यांच्यासाठी बैठ्या खुर्च्या किंवा पलंगाची खोली आधीच मागा. सकाळची पूजा सहा-साडेसहाला. काही देवळांत गोमा असतो. हा शब्द म्हणजे आपला होमच, कोयासानचे संस्थापक भिक्षू कुकाइ यांनी 9व्या शतकात चीनमार्गे आणलेला.

ओकुनोइनची, म्हणजे इथल्या समाधिस्थळाची, वाट 2 किलोमीटरची, दोन्ही बाजूंना दोन लाखांहून जास्त समाध्या. बरेच गट मागच्या वाहनतळावरून निम्मी वाट गाळतात. तसं करू नका, इचिनोहाशी पुलापासून सुरू करा आणि दोन तास ठेवा. शेवटच्या गोब्योबाशी पुलानंतर टोपी, फोटो आणि खाणं नाही. आत कुकाइ 835 सालापासून समाधीत आहेत असं मानतात आणि सकाळी 6 ला आणि साडेदहाला त्यांच्यासाठी जेवण नेतात. साडेदहाचं बघायचं असेल तर सव्वादहाला पुलाजवळ उभे राहा.

वाटेवर जुन्या, पाच दगडांच्या समाध्यांजवळ गटाला थांबवा. खाली चौकोन, त्यावर गोल, मग छपरासारखा त्रिकोण, अर्धगोल आणि वर थेंब. प्रत्येक दगडावर सिद्धम् लिपीतलं एकेक अक्षर कोरलेलं असतं. खालून वर वाचा: अ, व, र, ह, ख. पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश. शेवाळ बोटाने खरवडू नका, तिरका उजेड पडला की अक्षर आपोआप उठून दिसतं. सर्वात वरचं ख म्हणजे आकाश, आपल्या खग आणि खगोलातलं.