बेकारी 10 टक्क्यांवरून 5 वर आली, पण माणसं कामावर परतली का?

तराजू
अमेरिकेतली 2007 ची मंदी कागदोपत्री जून 2009 मध्ये संपली. बेकारीचा दर त्या ऑक्टोबरात 10 टक्क्यांवर होता, ऑक्टोबर 2015 मध्ये 5 वर आला. हा आकडा दाखवून बरेच जण विषय मिटवतात. मला तो मिटलेला दिसत नाही, कारण श्रमशक्ती सहभागाचा दर (16 वर्षांवरच्या लोकांपैकी कामावर असलेले आणि काम शोधणारे मिळून किती टक्के) डिसेंबर 2007 मध्ये 66.0 टक्के होता आणि सप्टेंबर 2015 मध्ये 62.4. सत्तरच्या दशकानंतर इतका खाली तो कधी गेलाच नव्हता.

मोजणी कशी होते ते पाहा. दर महिन्याला सुमारे 60,000 घरांना विचारतात: ज्या आठवड्यात 12 तारीख येते त्या आठवड्यात मोबदल्यासाठी एक तास तरी काम केलंत का? केलं असेल तर तुम्ही कामावर. नसेल, तर गेल्या चार आठवड्यांत अर्ज पाठवणं, मालकाला भेटणं असं काही केलंत का, आणि काम मिळालं तर लगेच येऊ शकता का? दोन्हीला हो म्हटलं तर बेकार, नाहीतर श्रमशक्तीबाहेर. नुसत्या जाहिराती चाळणं शोधात धरत नाहीत.

आता 16 वर्षांवरचे 1,000 लोक घ्या. 594 कामावर, 66 शोधात. श्रमशक्ती 660, बेकारी बरोबर 10 टक्के. त्या 66 पैकी 16 जणांनी कंटाळून शोध सोडला. श्रमशक्ती 644, बेकार 50, दर 7.8. नवं काम एकालाही मिळालेलं नाही!

पिरॅमिड
उदाहरण चोख आहे, पण ते 16 जण कंटाळून गेले हे तुम्ही गृहीत धरलंत. 1946 साली जन्मलेले 2008 मध्ये 62 वर्षांचे झाले, म्हणजे सोशल सिक्युरिटी या सरकारी योजनेचं लवकरचं पेन्शन घेण्याच्या वयाचे. बेबी बूमर्सची, म्हणजे महायुद्धानंतर जन्मदर वाढला तेव्हाच्या पिढीची, ती पहिली तुकडी, मागे 1964 पर्यंतची रांग. मंदी आली नसती तरी हा दर उतरलाच असता.

गणित साधं आहे. 25 ते 54 वयातले सुमारे 83 टक्के श्रमशक्तीत असतात, 55 च्या पुढचे सुमारे 40. लोकसंख्येतला एक टक्का वाटा पहिल्या गटातून दुसऱ्यात सरकला की एकूण दर 0.43 ने घसरतो, एकाही माणसाने हार न मानता. गंमत म्हणजे 55 च्या पुढच्यांचा स्वतःचा सहभाग या काळात घसरला नाही. त्यांची संख्या वाढली, इतकंच.

राष्ट्राध्यक्षांच्या आर्थिक सल्लागार परिषदेने जुलै 2014 मध्ये हाच हिशेब मांडला: 2007 च्या अखेरीपासूनच्या घसरणीतला निम्मा भाग वयाचा, सहावा हिस्सा नेहमीच्या मंदीचा.

तराजू
आणि उरलेला तिसरा हिस्सा? तो त्यांनाही वय किंवा नेहमीची मंदी यांत बसवता आला नाही. म्हणून वयाचा मुद्दाच बाजूला ठेवू. फक्त 25 ते 54 घ्या: 2007 मध्ये 83 टक्के, 2015 मध्ये 81 च्या आसपास. या वयात कोण निवृत्त होतं?

खडूफळा
निवृत्त होत नाहीत, पण गळती जुनी आहे. या वयाच्या पुरुषांचा सहभाग पन्नासच्या दशकात 97 टक्क्यांच्या आसपास होता, 2007 पर्यंत 91 वर आलेला. बायकांचा 2000 च्या सुमारास 77 पर्यंत चढून थांबला. उतार आधीचाच, मंदीने फक्त ढकललं.

शिवाय अपंगत्व भत्ता घेणारे कामगार 2007 च्या अखेरीस सुमारे 71 लाख होते, 2014 मध्ये जवळपास 90 लाख. हा दरवाजा एका बाजूनेच उघडतो. 2014 चा नियम बघा: महिन्याला 1,070 डॉलरच्या वर कमाई नियमित झाली की भत्ता धोक्यात. कोण परत जाईल? ही माणसं मागणी वाढवून येणार नाहीत.

पिरॅमिड
अपंगत्वाच्या आकड्यातही वय दडलंय हो. पन्नाशीत अपंगत्वाचं प्रमाण तसंच वाढतं, आणि बूमर्स तेव्हा तिथेच होते.

बारा_तारीख
दोन्ही बाजूंना एक सूचना. महिन्या-महिन्याची तुलना करताना जानेवारी जपून वापरा, कारण ज्या लोकसंख्येच्या अंदाजावर ही मोजणी उभी असते तो तेव्हा बदलतो. जानेवारी 2012 मध्ये 2010 च्या जनगणनेचे आकडे आत घेतले आणि लोकसंख्या कागदावर सुमारे 15 लाखांनी वाढली. त्यातले साडेबारा लाख श्रमशक्तीबाहेर मोजले गेले, कारण भर मुख्यतः म्हाताऱ्यांत आणि तरुणांत होती. सहभाग एका फटक्यात 0.3 ने खाली. डिसेंबरचे आकडे मागे जाऊन सुधारत नाहीत. “एका महिन्यात बारा लाखांनी आशा सोडली” अशी आरोळी तेव्हा उठली होती; ती निव्वळ चुकीची वजाबाकी होती.

आणि बेकारी भत्त्याबद्दल. तो काही राज्यांत 99 आठवड्यांपर्यंत मिळत होता, वाढीव भाग डिसेंबर 2013 मध्ये बंद झाला. भत्त्यासाठी शोध चालू ठेवावा लागतो, म्हणून तो बेकारी आणि सहभाग दोन्ही वर धरून ठेवतो. बंद झाल्यावर बेकारी उतरली म्हणजे नोकऱ्या लागल्या असं म्हणू नका.

तराजू
जानेवारीचा मुद्दा मान्य, मी डिसेंबर-सप्टेंबर घेतलंय पण तो 0.3 माझ्या 3.6 च्या घसरणीतही (66.0 वजा 62.4) आहे.

खडूफळा, तुमच्या निदानाची किंमत मात्र मोठी होती. बाहेर गेलेले परत येणार नाहीत असं धरलं की एकटा बेकारीचा दर पुरेसा वाटतो. डिसेंबर 2012 मध्ये फेडरल रिझर्व्हने, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने, सांगितलं की महागाई आटोक्यात असेल तर बेकारी 6.5 टक्क्यांच्या वर असेपर्यंत व्याजदर शून्याजवळच ठेवू. फेब्रुवारी 2014 मध्ये दर 6.7 वर होता आणि मार्चमध्ये त्यांनी स्वतःच ती रेघ पुसली. अर्धवेळ अडकलेले आणि शोध सोडलेले धरणारा व्यापक दर तेव्हाही 12 च्या वर होता. एका आकड्याला बांधून घेतलं की असं होतं.

आणि “येणार नाहीत” म्हणता ती माणसं आली. 2020 च्या जानेवारीत 25 ते 54 चा सहभाग पुन्हा 83 वर होता, बेकारी 3.6 टक्क्यांवर. वर्षानुवर्षं कामगारांना मागणी राहिली तेव्हा.

पिरॅमिड
एकूण दर मात्र तेव्हा 63.4 होता. 66 नव्हे. तो फरक कुठे गेला ते मी वर लिहिलंय.

खडूफळा
83 परत आला हे मान्य. पण पुरुषांचा स्तंभ वेगळा काढा: 2007 मध्ये 91, 2020 च्या सुरुवातीला 89 च्या आसपास. भर बायकांनी घातली. माझा उतार तिथेच आहे.